बर्फावरचा दाणा

"घरात एकदा तरी केर काढला असेल हिनं, तर शपथ! आणि पहाटे पावणेपाचला उठून बर्फ झाडायला निघाल्यात बाईसाहेब."

मित्रांनो, ही कुरकुर अगदी माझ्या डोक्याशी व्हायची. गाडी दुबईशेजारच्या अजमानमधल्या बिल्डिंगखालून निघाली की पहिल्या सिग्नलच्या आत व्हायचीच. कुरकुरणाऱ्या गिरिजाकाकू गाडी चालवत असायच्या. त्यांची लेक समिधा बाजूच्या सीटवर डोळे मिटून बसलेली असायची. आणि मी मागच्या सीटवरून पुढे डोकं काढून दोघींच्या कोपरांच्या मधोमध आडवा पडलेलो असायचो. लांब पडतो ना मी, दुसरीकडे कुठे मावत नाही.

"मॉम, इट्स नॉट अ झाडू. इट्स अ ब्रूम," समिधा डोळे न उघडता म्हणायची.

"हो का? मग ब्रूम म्हणजे काय गं? पळी?"

तर ज्याच्यावरून रोज हा उद्धार चालायचा, तो जुना झाडू मी. माझ्या दांड्यावर आता तीन मोठे ओरखडे आहेत, सांधा थोडा कुरकुरतो. पण कान शाबूत आहेत. गाडीत, बाल्कनीत, बर्फावर जे जे बोललं गेलं ते सगळं मी ऐकलंय. आणि जे बोललं गेलं नाही, तेही. ते जास्त त्रासदायक असतं.

आधी माझ्या जन्माचं सांगतो. माझ्या अंगात एकही काडी नाही. शिंदीचं पान नाही, गवत नाही. कॅनडातल्या एका कारखान्यात काळ्या कार्बनच्या नळीतून माझा दांडा घडला. खाली वळणारा सांधा, सांध्याला प्लॅस्टिकची पाटी, आणि पाटीवर कापड चढवलेली स्पंजाची गादी. केर भरणं हे माझं काम कधी नव्हतंच. माझं काम दगडाला वाट करून द्यायचं.

कर्लिंग नावाचा बर्फावरचा एक खेळ आहे. वीस किलोला जरासा कमी भरेल असा गुळगुळीत दगड, त्याला किटलीसारखी मूठ. खेळाडू तो बर्फावरून हलकेच सोडतो. चाळीसेक मीटरवर रंगीत वर्तुळं आखलेली असतात. त्यांच्या मध्याशी ज्याचा दगड जास्त जवळ, त्याची सरशी. गंमत अशी, की दगड एकदा हातातून सुटला की त्याला परत शिवायचं नाही. मग त्याचं भलंबुरं पाहायला उरतो फक्त मी. त्याच्या पुढेपुढे बर्फ खसाखसा घासला, की बर्फ किंचित ऊन होतो आणि दगड थोडा लांब, थोडा सरळ जातो. एवढ्याशा 'थोड्या'वर सामने फिरतात.

मुलांना हा खेळ शिकवणाऱ्या शहरबानू मॅडम मला दुबईत घेऊन आल्या. जन्म पुण्याच्या कॅम्पातला, वीस वर्षं कॅनडात काढलेली, आणि मराठी अजून कॅम्पातलीच. विमानतळावरच्या माणसानं माझी लांबलचक पिशवी उघडून विचारलं होतं, "मॅडम, ये क्या है?"

"झाडू."

"झाडू तो इधर भी मिलता है."

"बर्फ पण मिलता है का?" मॅडमनी विचारलं. तो हसला आणि त्यानं आम्हाला सोडलं.

बर्फही इथं मिळतो, मित्रांनो. बाहेर चव्वेचाळीस अंश तापमान असतं आणि आत मुलं जाकीट घालून थरथरत असतात. दिवसभर तो बर्फ स्केटिंगवाल्यांचा आणि हॉकीवाल्यांचा. आम्हाला मिळतात ते पहाटेचे दोन तास. आमची मुलं त्या दोन तासांवर जगतात. शाळेच्या आधी सराव, शाळेनंतर व्यायाम, शनिवारी मॅडमसमोर बसून स्वतःच्याच खेळाचे व्हिडिओ पाहायचे आणि स्वतःलाच नावं ठेवायची.

समिधा तेरा वर्षांची होती तेव्हा मॅडमनी मला तिच्या हातात दिलं. माझ्यापेक्षा वीतभरच उंच असेल. पहिल्याच दिवशी ती माझ्यासकट आपटली. पहिला ओरखडा तेव्हाचा. ती रडली नाही. आधी तिनं मला उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "डिड आय ब्रेक इट?" मी तेव्हाच तिचा झालो.

पुढच्या चार वर्षांत तिचे खांदे भरले. बर्फ दाबायचा कसा, डोकं खाली ठेवून दगडाचा वेग कसा ऐकायचा, हे तिला कळायला लागलं. मॅडम म्हणायच्या, "ह्या पोरीचा झाडूला कान हाय." मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू!

तिचा जोडीदार आरव. तिच्याहून वर्षभरानं मोठा, दुबईतल्या देरा भागात राहणारा. त्याचे वडील सुदेश तिथल्या एका ट्रेडिंग ऑफिसात. मूळचे चिपळूणचे. दोन कुटुंबांत मिळून एक फ्लॅट, त्यामुळे त्याला हळू बोलायची सवय. फक्त बर्फावर तो ओरडायचा. दगड सोडायचा तो, झाडायची ती. मागून तो सांगायचा, कधी घासायचं, कधी थांबायचं. या दोघांनी त्यासाठी आपले शब्द ठरवले होते. घासायचं म्हणजे "यल्ला!" थांबायचं म्हणजे "खलास!" काकू पहिल्यांदा सामना बघायला आल्या, तेव्हा पोरगा "खलास, खलास" ओरडतोय हे ऐकून त्यांना वाटलं, हरली ही मुलं. त्या पर्स उचलून निघायलाच लागल्या होत्या. मुलं तर जिंकली होती.

आता एक बारीकशी गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. खेळाआधी बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडतात. ते गोठून त्यांचे दाणे होतात, आणि दगड त्या दाण्यांवरून तरंगल्यासारखा जातो. मॅडमचा पहिला धडा हाच. "बर्फाचा दाणा आपला. दुसरा कुठला पण दाणा आला, धागा आला, केस आला, तर दगडाचा पाय मोडला समजा." म्हणून नियम एकच. आधी झाडू पुसायचा, मग बर्फावर पाय ठेवायचा. चार वर्षांत समिधानं हा नियम एकदाही मोडला नाही. म्हणजे, एकदाच मोडला.

मागच्या दिवाळीची गोष्ट. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निवड सामना होता. जिंकणारी एकच जोडी स्कॉटलंडच्या ज्युनिअर स्पर्धेला जाणार होती. समिधा आणि आरव दोन वर्षं त्या एका सकाळसाठी घासत होते. आरवचं तर वयाचं शेवटचं वर्ष होतं. नंतर ज्युनिअर म्हणून खेळता येणार नव्हतं.

लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी पुजायची, हे तुमच्या घरीही असेल. गिरिजाकाकू दरवर्षी देऱ्यातल्या एका दुकानातून केरसुणी आणायच्या. या वर्षी समिधाच्या सरावाच्या फेऱ्यांत त्यांचं जाणंच झालं नाही. समिधाचे बाबा, हेमचंद्रकाका, आठवडाभर अबू धाबीजवळच्या मुसफ्फ्याला कंपनीच्या कामावर. ते संध्याकाळी उशिरा पोचले, तेही रिकाम्या हातांनी.

"अहो, केरसुणी?"

"अगं, व्हॅक्यूम क्लीनर आहे ना घरात? त्यालाच हळदकुंकू लाव."

"काहीतरीच तुमचं!" काकू म्हणाल्या. मग त्यांची नजर दाराजवळ उभ्या असलेल्या माझ्यावर पडली. चार वर्षं मला नावं ठेवली होती त्यांनी. हळूच म्हणाल्या, "पोरीची लक्ष्मी म्हणजे हाच की."

मित्रांनो, त्यांनी मला पाटावर ठेवलं. ओल्या फडक्यानं डोक्यापासून पायापर्यंत पुसलं. हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. समई होती, लाह्या-बत्तासे होते, आणि मी जन्मल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी माझ्यापुढे हात जोडले होते. "उद्या सांभाळ रे तिला," एवढंच त्या म्हणाल्या. कुरकुर नाही, टोमणा नाही. मला बोलता येत असतं तरी त्या वेळी बोलता आलं नसतं.

पूजा झाल्यावर त्यांनी मला परत पुसलं आणि कव्हरात घातलं. काकूंचं पुसणं घरच्या पुसण्यासारखं होतं, चकचकीत. पण गादी आणि पाटी यांच्या फटीत एक दाणा अडकून राहिला होता. कुंकवानं लाल झालेला, तांदळाचा, अर्धा तुटलेला. मला तो टोचत होता. कोणाला सांगणार?

सकाळी इत्तिहाद रोडवर अपघात झालेला, गाड्यांची ही रांग. पोचेपर्यंत दहा मिनिटं उशीर. समिधानं धावतच मला कव्हरातून काढलं. गादी लख्ख होती. तिनं एकदा वरवर बघितलं, एकदा घड्याळाकडे बघितलं. आणि तशीच बर्फावर उतरली.

शेवटच्या दगडापर्यंत सामना बरोबरीत होता. शेवटचा दगड आरवचा. समोरच्या जोडीचा दगड मध्यापासून हातभर लांब. त्याच्या आत जाऊन थांबलं की झालं. आरवनं दगड सोडला. मी इतक्या वर्षांत इतका सुंदर सुटलेला दगड पाहिला नाही. "यल्ला!" तो ओरडला. समिधा माझ्यावर झुकली. खसखस, खसखस. मी तापलो. गादी सैल झाली. फट उघडली.

दाणा दगडाच्या बरोबर पुढे पडला.

दगड अडखळला. चालता चालता पायात खडा जावा तशी त्यानं मान वाकडी केली आणि भलतीकडे निघून गेला. मागून आरव अजून "यल्ला, यल्ला" ओरडत होता. मग त्याचा आवाज बंद झाला.

समिधानं खाली पाहिलं. बर्फावर मोहरीएवढा लाल ठिपका होता. ती वाकली, ठिपका चिमटीत उचलला आणि मुठीत घेतला.

"काय उचलला?" मॅडम बाहेरून म्हणाल्या.

"हेअर," समिधा म्हणाली. "जस्ट अ हेअर."

मॅडम बर्फावर आल्या. त्यांनी बर्फ पाहिला, तिच्या मुठीकडे पाहिलं, माझ्या गादीचा ओलीनं गुलाबी झालेला कोपरा पाहिला. कॅम्पातल्या शेजारणींची हळदीकुंकवं पाहत वाढलेली बाई ती. काही बोलल्या नाहीत. बर्फावर जे झालं ते झालं, दगड परत सोडता येत नाही, हा नियम त्यांना ठाऊक होता. बोलून कोणाचा तरी सण नासणार, एवढंच होणार होतं.

आरव मात्र तिथंच गुडघ्यावर बसलेला होता. "सॉरी," तो समिधाला म्हणाला. "सुटताना हात फिरला माझा. कळलंच नाही मला. सॉरी यार."

आणि समिधा गप्प राहिली.

तिच्या मनात काय चाललं होतं, ते मला कळत होतं. दाण्याचं सांगितलं तर आईला कळणार. जन्मभर आई म्हणणार, माझ्या हातानं पोरीचं नुकसान झालं. शिवाय न पुसता बर्फावर उतरली होती ती स्वतः. आणि सांगून निकाल थोडाच बदलणार होता? तिनं तो दाणा टिश्यूत गुंडाळला आणि माझ्या कव्हराच्या छोट्या खिशात ठेवून चेन लावली. गादी काढून फेकून दिली. टाकून द्यायचा होता तर दाणाही टाकता आला असता. तो तिनं का ठेवला, कोण जाणे.

त्यानंतर माझे वाईट दिवस सुरू झाले. आईला शंका नको म्हणून गाडीत ती मला घ्यायची, पण सरावाला बर्फाच्या रिंकवरचा दुसरा एखादा झाडू उचलायची. घरी आलं की मला बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे उभं करायची, तेही उलटं, गादी वर, दांडा खाली. एरवी काकू म्हणाल्या असत्या, "केरसुणी उलटी ठेवू नये गं, किती वेळा सांगायचं!" त्या काही म्हणाल्या नाहीत. हरल्याचं पोरीनं मनाला लावून घेतलंय, असं त्यांना वाटलं असेल. एका दुपारी त्यांनी माझं कव्हर धुवायला घेतलं. खिसे रिकामे करताना त्यांच्या हाताला टिश्यूची पुडी लागली. त्यांनी ती उघडली.

काकू मशीनला टेकल्या. आत मशीन पाणी घेत होतं, सोडत होतं. मग त्यांनी कव्हर न धुताच पुडी होती तिथं ठेवली, चेन लावली आणि मला सुलटं केलं.

त्या दिवसापासून गाडीतली कुरकुर बंद झाली. पहिला सिग्नल यायचा, जायचा. काकू रेडिओ लावायच्या. लेक आईसाठी गप्प, आई लेक स्वतःहून बोलेल म्हणून गप्प, आणि मॅडम दोघींसाठी गप्प. तिघींच्या त्या मायेचा भुर्दंड चौथ्याला. आरव रोज शंभर शंभर वेळा नुसता हात सोडायचा सराव करायचा. जो हात मुळात चुकलाच नव्हता, तो दुरुस्त करता करता खरोखरच बिघडायला लागला. सरळ सुटायचे ते दगडही आता वाकडे जायला लागले.

मित्रांनो, अशा आत्मकथांच्या शेवटी आम्ही वस्तू तुमच्याकडे काहीतरी मागतो. मीही मागतो. आम्हाला वापरल्यावर पुसा. वापरायच्या आधीही पुसा, कितीही उशीर झाला असला तरी. उलटं उभं करू नका, डोक्यात रक्त येतं म्हणा किंवा जे काय येत असेल ते. आणि एक मोठं मागणं आहे. आम्हाला सगळं दिसतं, ऐकू येतं, पण तोंड नाही. तुम्हाला आहे. आमची काळजी नाही घेतलीत तर फार तर आमची गादी झिजते. माणसाची झिजते ते बाहेरून दिसत नाही.

आता शेवटची सकाळ सांगतो.

दिवाळी होऊन महिना होत आला होता. त्या पहाटे समिधा मला घ्यायला बाल्कनीत आली नव्हती. काकूंनीच मला उचलून गाडीत नेहमीच्या जागी ठेवलं. समिधानं माझ्याकडे बघितलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. अजमान सुटलं. सिग्नल आला, गेला.

देऱ्यात आरव चढला. त्याच्या मांडीवर बुटांची पिशवी होती. एरवी ती त्याच्या पायाशी पडलेली असायची.

"खाल्लंस का रे काही?" काकूंनी मागे न बघता डबा पुढे केला. "शेवटचा चिवडा आहे."

"नको काकू." त्यानं डबा घेतला, पण उघडला नाही. मग म्हणाला, "काकू, उद्यापासून माझ्यासाठी नका थांबू इथं."

"का? आजारीबिजारी आहेस का?"

"नाही. बूट मॅडमचे आहेत ना, परत देतो आज. बाबांनाही सांगितलं. खलास."

"व्हॉट डू यू मीन, खलास?" समिधा वळली.

"खलास म्हणजे खलास. माझ्या हातातच नाहीये गं ते. एवढा सोपा स्टोन होता. तू जीव तोडून झाडलंस आणि मी हात फिरवला. तू दुसरा पार्टनर बघ. सीरियसली. मी नाही रागावणार."

रिंकच्या पार्किंगमध्ये काकूंनी गाडी लावली, पण इंजिन बंद केलं नाही. दारं उघडली नाहीत. एसीचा आवाज तेवढा येत होता. आरवनं दाराच्या कडीला हात घातला.

"थांब रे जरा," काकू म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते. "समिधा, झाडूच्या कव्हराचा छोटा खिसा उघड."

समिधानं माझं कव्हर दाबून धरलं. "मॉम..."

"मी कव्हर धुवायला घेतलं होतं तेव्हा सापडला मला. मीच परत ठेवला."

"यू न्यू?"

"तू मला सांभाळत होतीस, ते कळलं मला. पुरे आता. तू सांगतेस, की मी सांगू?"

समिधानं चेन उघडली. चार वर्षं इंग्रजीतच उत्तरं देणारी मुलगी ती. तिला शब्द एकेक करून शोधावे लागले, जसे बर्फावर पाय ठेवायच्या आधी चाचपतात तसे. टिश्यू उघडून तिनं तळहात आरवपुढे धरला. लाल रंग आता विटकरी झाला होता.

"हे काय? तांदूळ?" आरवनं विचारलं.

"तुझा हात नव्हता फिरला, आरव," ती म्हणाली. "केस नव्हता तो. दाणा होता. माझ्या झाडूतला."